धुरजड भरलेली नाव

तापीच्या उत्तर काठावर, चोपडा तालुक्यात, आम्ही ज्या जागी होड्या पाण्यात सोडतो त्या जागेला घाट म्हणावे असे तिथे काही नाही. पायरी नाही, फलक नाही, गाडी वळवायला मोकळी जागा नाही. मोठा रस्ता सोडून पाटाच्या कडेची कच्ची वाट धरायची. ती केळीच्या बागांत शिरते आणि शेवटच्या बागेच्या बांधावर संपते. पुढे नदीचा कडा आहे. काळ्या मातीचा, उभा, दोन पुरुष उंच. या कड्यात एकाच ठिकाणी उतरण आहे आणि तीही होडीसाठी केलेली नाही. बागेच्या मालकांनी नदीवरच्या मोटरचा पाइप वर आणण्यासाठी चर खणला. तो चर हीच आमची वाट.

बागेच्या मालकांना सगळे गाव आबा म्हणते, आम्हीही म्हणतो. पहिल्यांदा परवानगी मागायला गेलो तेव्हा त्यांनी होड्या पाहिल्या, आम्हा दोघांची वये पाहिली आणि विचारले, "मासा धरतस का?"

"नाही. पक्षी मोजतो."

"मोजीसन काय करतस?"

"लिहून ठेवतो."

"मंग जा," आबा म्हणाले. "पाइपवर पाय देऊ नका म्हंजे झालं."

आम्ही दोघे म्हणजे मी आणि धुळ्याचे एक कापडदुकानदार. मी जळगावला वर्तमानपत्रात होतो, आता निवृत्त आहे. त्यांचे घराणे काही पिढ्यांपूर्वी राजस्थानातून येऊन धुळ्यात स्थिरावले. गावात त्यांना शेठ म्हणतात. माझी होडी पिकअपवर येते, त्यांची दुकानाच्या टेम्पोवर, गाठींच्या जागी. दोन्ही फायबरच्या, हलक्या, एकीत दोघे बसतील एवढ्या. हिवाळ्यात चक्रवाक आणि पाणकावळे मोजायचे, एरवी नुसते वल्हवायचे, एवढाच त्यांचा उपयोग.

होडी कितीही हलकी असली तरी उतरणीवरून खांद्यावर घेऊन जाता येत नाही. चराच्या तळाशी गाळ आहे. वरून वाळलेला, भेगाळलेला दिसतो, पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत आत. होडी ओढत नेली तर ती गाळात चिकटते आणि माणूसही. पहिल्या खेपेला आम्ही दोघे आणि होडी असे तिघेही तिथेच अडकलो. आबांनी वरून पाहिले आणि ते बागेत निघून गेले. परतले तेव्हा त्यांच्या मागे दोन गडी होते आणि गड्यांच्या खांद्यावर केळीची खोडे.

घड कापला की केळीचे खोड निकामी होते. ते तोडून सरीत टाकतात, कुजू देतात. ही खोडे आडवी, हातभर अंतराने, चराच्या माथ्यापासून पाण्यापर्यंत अंथरली की होडीचा रस्ता तयार होतो. खोड गाळात रुतत नाही, कारण आतून ते हवेने भरलेले असते. वरची साल ओली आणि गुळगुळीत असते, होडीचा तळ तिच्यावरून साबणासारखा सरकतो. माथ्यावर बाभळीचा एक जुना बुंधा आहे. होडीचा दोर त्याला दोन वेढे देऊन एकाने धरायचा आणि हळूहळू सोडायचा, दुसऱ्याने बाजूने चालत होडीचे तोंड सरळ ठेवायचे. नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, वरच्या बाजूला, मागचा भाग आधी पाण्यात. बाजूने चालणाऱ्याने खोडावरच पाय द्यायचा, पण सरळ नाही, तिरका. सरळ पाय दिला तर माणूस होडीच्या आधी नदीत पोहोचतो.

खोडे ताजी लागतात. काही दिवसांनी ती काळी पडतात, भार आला की पिचतात. म्हणून निघण्याआधी आम्ही आबांना फोन करतो आणि नदीत पाणी किती आहे हे नंतर विचारतो. आधी विचारायचे ते हे की कापणी कुठे चालू आहे.

केळीचा चीक कपड्यावर पडला की त्याचा तपकिरी डाग कशानेही जात नाही. शेठ या कामासाठी एकच पांढरा सदरा आणि एकच पायजमा वर्षानुवर्षे वापरतात. त्याचा मूळ रंग आता ओळखू येत नाही. आबा त्यांना प्रत्येक वेळी तेच म्हणतात, "शेठ, कापड इकतस नी कापडच नासाडतस."

शेठही प्रत्येक वेळी तेच उत्तर देतात. "आबा, डाग पडले नाहीत तर नवीन कापड कोण घेणार?"

आम्ही ही पद्धत पक्की केली आणि त्यानंतर त्या जागी कधी अडकलो नाही. गाळ असो, थंडीतले धुके असो, होडी पाण्यात जाते आणि वर येते. याची एवढी खात्री होती म्हणूनच त्या वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आदल्या दिवशी पहाटे आबांचा फोन आला तेव्हा मी दुसरे काही विचारले नाही.

"भाऊ, पानी उनं," ते म्हणाले. "उतार बुडना. नावा लई या."

उतार म्हणजे नदी पायी ओलांडायची उथळ जागा. आबांच्या बागेसमोर नदीच्या मधोमध एक बेट आहे, वाळू आणि गाळाचे. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाते आणि दिवाळीनंतर नव्याने वर येते, दरवर्षी थोड्या वेगळ्या आकाराचे. त्याच्या या बाजूने उन्हाळ्यात गुडघाभर पाणी असते, गावाच्या पाणवठ्यावरून पात्रात उतरलेली बैलगाडी सहज जाते. पण वरच्या धरणातून पिण्याच्या पाण्याचे आवर्तन सुटले की हाच उतार छातीभर होतो आणि आठवडाभर तसाच राहतो. आवर्तन आखाजीनंतर सुटेल असा गावाचा अंदाज होता. अंदाज चुकला.

बेटावर डांगराची वाडी होती. डांगर म्हणजे इथले खरबूज. आखाजीला खान्देशातल्या घराघरांत पितरांच्या नावाने पाण्याची नवी घागर भरतात आणि तिच्यावर डांगर ठेवतात. सोबत आंबे, सांजोऱ्या. आंबा एखाद्या वर्षी उशिरा येतो, ते चालते. डांगराशिवाय घागर पूर्ण होत नाही, आणि ते डांगर अखंड लागते. तडा गेलेले ठेवत नाहीत.

बेटाची जमीन कुणाच्याच सातबाऱ्यावर नाही. दर पावसाळ्यात वाहून जाणाऱ्या जमिनीचा उतारा कोण काढणार? तिच्यासाठी गावाचा स्वतःचा नियम आहे. जो बेट कसतो त्याने आखाजीला गावातल्या प्रत्येक घराच्या घागरीसाठी एक डांगर द्यायचे. उरलेले पीक त्याचे. एका जरी घराची घागर बेटाच्या डांगरावाचून राहिली तर पुढच्या वर्षी बेट भाऊबंदांतल्या दुसऱ्याने मागावे आणि गावाने द्यावे.

त्या वर्षी बेट एका बाईकडे होते. पस्तिशीच्या असाव्यात. नवरा केळीच्या ट्रकवर चालक, दिल्लीच्या फेऱ्या करणारा, महिन्यातून दोनदा घरी. सासरे गेल्यावर वाडी त्यांनीच चालवली. गावातल्या मुली त्यांना अक्का म्हणत. त्यांचा चुलत दीर दोन वर्षांपासून बेट मागत होता. बाईमाणसाने नदीत शेती करावी का, असा त्याचा प्रश्न असे. गावाचे उत्तर असे की घागरी भरताहेत तोवर करावी. आता उतार बुडाला होता, डांगरे वेलावर पिकून सुटत आली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घागरी भरायच्या होत्या.

आम्ही पोहोचलो तेव्हा अक्का चराच्या माथ्यावर बैलगाडी सोडून उभ्या होत्या. गाडीत टोपल्या आणि उसाचे पाचट, पहाटे उतार ओलांडायच्या तयारीने आणलेले. दीर बाभळीच्या बुंध्यावर बसला होता.

"अक्का, काळजी करू नका," मी म्हणालो.

"काळजी नाही करत, भाऊ," त्या म्हणाल्या. "नावा उतरवा."

आबांच्या बागेतली कापणी आधीच संपली होती. खोडे काळी पडली होती. शेजारच्या बागेत मात्र घड निघत होते. अक्कांनी बैल जुंपले आणि गाडी भरून ताजी खोडे आणली. गाडी भरताना मी पाहत होतो. पहिली खोडे त्यांनी पुढे, जुवाच्या बाजूला लावली, मागे कमी. गाडीचा भार मागे गेला तर गाडी उलाळ होते, म्हणजे जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. म्हणून गाडी नेहमी थोडी धुरजड भरायची, पुढे भार ठेवून. हे बैलगाडी हाकणाऱ्या कुणालाही सांगावे लागत नाही.

खोडे अंथरून झाली. दोर धरायला एक माणूस कमी होता, कारण दोन होड्या लागोपाठ सोडायच्या होत्या. आबांनी दिराकडे पाहिले.

"बसेल काय शे? दोर धर."

दीर उठला. दोर बुंध्याला वेढून त्याने चांगला धरला. मग म्हणाला, "वहिनी, डांगर गाडामा येतस, नावमा नही."

अक्का होडीच्या बाजूने चर उतरत होत्या, पाय तिरके टाकत. एकदाच दाखवले होते, तेवढ्यावर त्या बरोबर चालत होत्या. वर न पाहता त्या म्हणाल्या, "भावजी, काठवर बसीसन नदी कोनलेच समजनी नही. दोर सोडा."

आबा हसले. दीरही हसला, पण दोर नीटच सोडत होता.

दोन्ही होड्या पाण्यात गेल्या. प्रवाह ओढ घेणारा होता, घाबरवणारा नव्हता. होडीचे तोंड वरच्या अंगाला तिरके धरून वल्हवले की ती सरळ पलीकडे जाते. माझ्या होडीत अक्का, दुसऱ्या होडीत शेठ एकटे. शेठ दुकानात गादीवरून सहसा उठत नाहीत, पण पाण्यात त्यांचा हात माझ्याइतकाच चालतो. बेटाच्या खालच्या टोकाला आम्ही लागलो.

वाडी पिकली होती. पिवळी, भुरकट जाळीची डांगरे वेलांमधून डोकावत होती आणि त्यांचा वास पाण्यापर्यंत येत होता. पुरते पिकलेले डांगर देठापासून आपोआप सुटते. अक्का त्यांना हात लावून पाहत होत्या, सुटतील ती घेत होत्या. मी टोपल्या वाहून होडीपर्यंत नेत होतो, त्या येऊन होडीत रचत होत्या, खाली पाचट आणि वर डांगरे. पहिली होडी शेठची भरली. मी शेवटची टोपली घेऊन आलो तेव्हा पाहिले की सगळा भार नाळेत होता.

"अक्का, थोडी मागे सरकवा. होडी पुढून जड झाली."

"भाऊ, मांगे भरं ते उलाळ व्हई जाई."

"होडीला बैल नाहीत."

"शेठ शेतस ना," त्या म्हणाल्या.

शेठ हसले आणि वल्हे उचलून बसले. मी त्यांना म्हणालो, तुम्ही तरी सांगा. ते म्हणाले, "गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणणार, भाऊ?" आणि त्यांनी होडी ढकलली.

होडी बेटाच्या आडोशातून बाहेर पडेपर्यंत ठीक गेली. प्रवाहात येताच नाळ खाली बसली, पाणी कापण्याऐवजी पाण्यात शिरू लागली. मागचा भाग हलका असल्यामुळे प्रवाहाने तो सहज फिरवला. होडी आडवी झाली आणि कडेवरून पाणी आत आले. एकदम नाही, शांतपणे, पाट फोडल्यासारखे. शेठ उठून पाण्यात उतरले. पाणी छातीइतके होते आणि अंगात तरंगणारे जाकीट होते. त्यांनी होडीची कड धरून ठेवली. होडी बुडाली नाही, पण तिच्यातली डांगरे एकामागून एक उठून पाण्यावर आली आणि खालच्या अंगाला निघाली.

काठावरून दिराचा आवाज आला. "वहिनी! गाडं उलटनं!"

अक्का बेटाच्या टोकावर उभ्या होत्या. हातात एक डांगर होते. वाहत चाललेल्या पिकाकडे त्या ज्या तऱ्हेने पाहत होत्या ती मला अजून आठवते. त्यात हळहळ कमी होती. डांगरे कुठे जात आहेत हे त्या पाहत होत्या.

बेटाच्या खाली नदी वळते. वळणावर पात्र पसरते आणि गोट्यांवरून मांडीभर पाणी सावकाश जाते. गावाची पाणवठ्याची जागा तीच. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, तशा आल्या होत्या. संध्याकाळी गौराईची गाणी म्हणायची, झोके घ्यायचे, सकाळी नदीवर धुणे आणि गप्पा. वीसेक जणी तिथे होत्या. पहिले डांगर त्यांच्यापर्यंत पोहोचले तेव्हा एकीने ते उचलून डोक्यावर धरले आणि ओरडली, "अक्का! नदीले वाण दी राहिनी का?"

"बठ्ठा धरा!" अक्का ओरडल्या. "एक बी जाऊ देऊ नका!"

मग वळणावर जे झाले ते बेटावरून स्पष्ट दिसत होते. साड्या खोचून बायका पाण्यात उतरल्या. दोघींनी धुवायला आणलेले जुने लुगडे प्रवाहात आडवे ताणून धरले आणि डांगरे त्याच्यावर येऊन थांबू लागली. बाकीच्या कडेने निसटणारी पकडत होत्या. एक पडली, तिच्यावर सगळ्या हसल्या. पडलेलीने हातातले डांगर सोडले नाही, म्हणून पुन्हा हसल्या. एक नवी सासुरवाशीण सासरच्या कुणाचे तरी नाव घेऊन म्हणाली की हे डांगर त्याच्या डोक्यासारखे आहे, आणि वळणावरून बराच वेळ आवाज येत राहिला.

शेठनी होडी उथळ पाण्यात आणून उपसली होती. पाण्यातून उचललेले एक डांगर आत टाकून ती घेऊन ते बेटाकडे परतले. भिजलेला सदरा अंगाला चिकटला होता. "अक्का, आता मागे भरा," ते म्हणाले.

अक्कांनी होडीतले ते डांगर उचलले. ते त्यांनी मला दिले आणि म्हणाल्या, "भाऊ, हे फुटेल शे का दखा."

मी फिरवून पाहिले. तडा नव्हता.

"नावमा बसाडं ते एकमेकना भारवर फुटतस," त्या म्हणाल्या. "पानीमा कोठे फुटनं?" त्यांनी वळणाकडे हात केला. लुगड्यावर अडकलेल्या डांगरांपैकी काही बायकांनी काठावर मांडून ठेवली होती. पिवळी रांग दिसत होती. "विहीरमा गार कराले सोडेल डांगर वरच ऱ्हास. नाव राहू द्या. नदीच ली जाई."

मी विचारले, "आणि वळणाच्या पुढे गेली तर?"

"ते तुम्हनी नावा कसाले शेतस?"

हातचे पीक नदीत सोडायचे हे कुणाच्याही मनात येणारे काम नाही. तासाभरापूर्वी त्यांच्याही मनात ते आले नव्हते. पण चूक घडली, तिचा परिणाम डोळ्यांपुढे होता आणि तो वाईट नव्हता. आम्ही जागा ठरवल्या. शेठ होडी घेऊन प्रवाहाच्या पलीकडच्या कडेला थांबले, मी अलीकडच्या. अक्का बेटाच्या टोकावरून डांगरे पाण्यात ठेवू लागल्या, थोडी थोडी, एक कळप पुढे गेला की दुसरा. आम्ही वल्ह्यांनी पाणी ढकलून त्यांना मधल्या धारेत ठेवत होतो. भरकटलेले एखादे हाताने वळवायचे. शेळ्या वळणाऱ्याचे काम आणि हे काम यात फरक एवढाच की शेळी ओरडते.

बाभळीजवळचा दीर मध्येच खाली पाण्याच्या कडेला आला होता. एक डांगर काठाच्या अंगाने त्याच्याकडे आले. त्याने ते पायाने पुन्हा धारेत ढकलले. मुद्दाम की नकळत, मला सांगता येणार नाही.

दुपार होईपर्यंत वाडी रिकामी झाली. काही डांगरे वळण चुकवून पुढे गेली, काही गोट्यांवर आपटून फुटली. फुटलेली बायकांनी तिथेच खाल्ली, बिया थुंकण्याच्या पैजा लावून. बाकीची पोरीबाळींच्या कडेवर आणि डोक्यावर गावात गेली. कुणी वाटली नाहीत. ज्या माहेरवाशिणीने जे पकडले ते तिने आपल्या माहेरी नेले, जिच्या घरचे कुणी आले नव्हते तिच्या दारी शेजारणीने ठेवले. अक्कांनी घरोघर फिरून द्यायची डांगरे त्यांच्या आधीच घरोघर पोहोचली होती.

आम्ही होड्या वर ओढल्या. चढावर खोडे तशीच कामी येतात, फक्त ओढणारे दुप्पट लागतात. दीर ओढायला होता. होडी माथ्यावर आली तेव्हा त्याने दोर गुंडाळला आणि आबांना उद्देशून, सगळ्यांना ऐकू येईल असे म्हणाला, "आबा, नियम काय शे? बेट कसनारनी द्यावं. वहिनीनी दिधं कोठे? नदीनी दिधं."

आबांनी तंबाखूची डबी काढली. उत्तर द्यायची त्यांना घाई नव्हती. शेठनी माझ्याकडे पाहिले. माझे मत कुणी विचारले नव्हते, म्हणून मी दिले नाही.

"नदी तुनी बी शे नी तिनी बी शे," आबा म्हणाले. "पन डांगर पेरं कोनी?"

"पेरं तिनी. पन दिधं का? हातनी दिधं का?"

"बठ्ठासना घर भरनं," आबा म्हणाले. "एक घर ऱ्हायनं. तुनं."

हे खरे होते. दिराला बहीण नाही, मुलगी नाही. त्याच्या घरचे कुणी पाणवठ्यावर नव्हते, आणि त्याच्या दारी डांगर ठेवायची शेजारणींना हिंमत झाली नसावी. एक घर राहिले तर बेट जाते, हा नियम त्यालाही आणि अक्कांनाही सारखाच पाठ होता. ते घर त्याचेच होते. त्याने नुसते दार लावून घेतले असते तरी पुरे होते.

अक्कांनी गाडीतल्या टोपलीतले पाचट बाजूला केले. आत ते डांगर होते, जे त्यांनी बेटावर मला तपासायला दिले होते. मी ते परतताना होडीत ठेवले होते आणि विसरलो होतो. त्या विसरल्या नव्हत्या. त्यांनी ते पदरात घेतले आणि गावाच्या वाटेला लागल्या. आम्ही होड्या पिकअपवर आणि टेम्पोवर बांधत होतो. आबा म्हणाले, "चला, दखी येऊत." त्यामुळे जे घडले ते मी पाहिले.

दिराचे घर रस्त्याकडेला, सिमेंटचे, बाहेर ओटा, ओट्याच्या कडेला बांधलेली तांबड्या बैलांची जोडी. ओट्यावर त्याची आई बसली होती, उद्याच्या घागरीसाठी मातीचे भांडे भिजवून पुसत. अक्का ओट्यापुढे थांबल्या. दीर आमच्याबरोबरच पोहोचला होता. तो दारात आडवा उभा राहिला.

"भावजी, हातनी दी राहिनी," अक्का म्हणाल्या.

त्याने हात पुढे केला नाही. गल्लीत दोन-तीन बायका थांबल्या. गाव अशा वेळी बोलत नाही, नंतर बोलते.

म्हातारी उठली. तिने भांडे ओट्यावर ठेवले, हात पदराला पुसले आणि मुलाच्या बाजूने पुढे आली. "सरक," ती म्हणाली. डांगर तिने दोन्ही हातांनी घेतले, कानाजवळ नेऊन बोटाने वाजवले, वास घेतला. मग मुलाला म्हणाली, "तुना बाप नी हिना सासरा एकाच घागरनं पानी पेतस. त्यासले तुनं भांडन माहीत नही." आणि ती आत गेली.

दीर दारातून ओट्यावर आला. मग अक्कांना म्हणाला, "च्या लेतीस का?"

"नही," अक्का म्हणाल्या. "मना घरनी घागर धुवानी शे आजून."

आबांनी मला निघायची खूण केली. वाटेत ते एवढेच म्हणाले की झाले. गावाने नंतर याबद्दल बैठक घेतली असेल तर ती मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी आखाजी होती, मी जळगावला माझ्या घरी होतो आणि आमच्या घागरीवर बाजारातले डांगर होते.

त्या पावसाळ्यात नदी दोनदा भरून गेली. दिवाळीनंतर बेट वर आले, आधीच्या जागेपासून थोडे खाली सरकलेले. हिवाळ्यात पक्षी मोजायला आम्ही गेलो. आबांच्या बागेत कापणी चालू होती, खोडे ताजी होती, होड्या एका दमात उतरल्या. पाण्यावर धुके होते आणि चक्रवाकांची पहिली जोडी बेटाच्या टोकाशी बसलेली दिसली. तिथून पुढे वाळूत नवी आळी खणलेली होती, सरळ ओळीत, आणि अक्का एका आळ्यात खत मिसळत होत्या. दीर नव्हता. पण शेणखताची गाडी उताराच्या पाण्यात उभी होती आणि तिचे बैल त्याचे होते. ते मी ओळखले.

आम्ही होड्या थांबवल्या.

"भाऊ, यंदा तुम्हनी नावनी गरज नही," अक्का म्हणाल्या. "आगोदरच उतारी लेसू."

"आणि पाणी त्याआधीच आलं तर?" शेठनी विचारले.

त्यांनी हातातले खत झटकले आणि होडीच्या नाळेकडे पाहिले.

"ते उलाळ भरसू," त्या म्हणाल्या.